इंजिनकामाचं बिल दीड लाखाच्या वर गेलं आणि ट्रॅक्टर शोरूममध्ये अडकला: आता पैसे किती द्यायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पंढरपूर तालुक्यातल्या एका शेतकरी दादांचा २०१४ सालचा ५० एचपीचा ट्रॅक्टर आहे, मीटरवर ६,८०० तास. ऑइल खात होता, निळा धूर मारत होता, म्हणून शोरूमच्या वर्कशॉपला लावला. फुल इंजिनचा, म्हणजे पूर्ण इंजिन खोलून करायच्या दुरुस्तीचा, अंदाज ९२,००० दिला, ५०,००० अॅडव्हान्स घेतला. तीन आठवड्यांनी बिल हातात आलं ते १,५८,००० चं. वाढलेल्या ६६,००० मध्ये नवीन क्रँक ३१,०००, क्लच १५,५००, डिझेल पंपाचं काम १४,५०० आणि ऑइल पंप ५,०००. क्लचचं फोनवर विचारलं होतं आणि यांनी 'करा' म्हटलं होतं. बाकीचं बिलातच कळलं. शिवाय मागच्या वर्षी उधारीवर नेलेल्या रोटावेटरच्या सामानाचे ११,००० आधी भरा, मगच ट्रॅक्टर सोडू, असं म्हणतायत. ऊस वाहतूक तोंडावर आहे. भरावे की भांडावं? आणि भरायचे तर पैशांची सोय कुठून करायची?

मी चौदा वर्षं डीलरच्या वर्कशॉपला काम केलं, शेवटची सहा वर्षं फोरमन म्हणून. आता मिरज भागात स्वतःचं गॅरेज आहे. म्हणजे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलोय.

आधी आकडा सांगतो. तुमचा बिनवादाचा हिशेब १,१२,५०० होतो: मूळ अंदाज ९२,०००, क्लच १५,५००, ऑइल पंप ५,०००. त्यातून अॅडव्हान्स वजा जाता ६२,५०० उरतात. हे पैसे द्या, त्यात घासाघीस करू नका. ऑइल पंप तुम्हाला विचारला नाही हे खरं, पण फुल इंजिनमध्ये जुना ऑइल पंप तसाच बसवणारा मिस्त्री मला तरी नको. पाच हजारांवरून वाद घालाल तर खऱ्या मुद्द्याची धार जाईल. खरा वाद क्रँक आणि डिझेल पंपाचा आहे, ४५,५०० चा. अकरा हजारांची उधारी हा पूर्ण वेगळा विषय, त्याकडे नंतर येतो.

आता क्रँक. इथं जरा सविस्तर बोलावं लागेल, कारण इंजिनकामाच्या बिलात सगळ्यात जास्त पाणी इथंच मुरतं.

क्रँक म्हणजे पिस्टनची वरखाली चाल गोल फिरवणारा इंजिनातला मुख्य दांडा, आणि तिचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग म्हणजे जर्नल. ही जर्नल झिजली, ओरखडली किंवा अंडाकृती झाली की ती लेथवर घासून पुढच्या साइजला नेतात. पहिली घासाई दहाची, म्हणजे ०.२५ मिलिमीटर, मग वीस, म्हणजे ०.५०; काही इंजिनांना तीसही चालते. प्रत्येक साइजचे बेअरिंग बाजारात मिळतात. म्हणजे कंपनीतून आलेली, कधीच न घासलेली क्रँक साधारणपणे दोन-तीन वेळा तरी नवीन आयुष्य घेऊ शकते. ती सरळ भंगारात जाण्याची कारणं मोजकीच: तडा गेलाय, वाकली आहे, बेअरिंग आपली जागा सोडून फिरल्यानं जर्नल जळली आहे, किंवा आधीच शेवटच्या साइजला पोचली आहे. आणखी एक प्रामाणिक कारण असतं. काही इंजिनांच्या क्रँकला वरून कडक थर दिलेला असतो. घासला की तो जातो, पुन्हा हार्डनिंग करावं लागतं, म्हणून कंपनीच डीलरला घासू देत नाही. तुमच्या मॉडेलला असा नियम असेल तर नवीन क्रँक टाकण्यात डीलरचा दोष नाही. पण तसं असेल तर ते त्याला आधीपासून ठाऊक होतं. मग पहिल्या अंदाजात 'क्रँक खराब निघाली तर नवीन, इतके रुपये' ही ओळ का नव्हती, हे तुम्ही विचारलंच पाहिजे.

हे तपासायचं कसं? क्रँक तर आता इंजिनात बंद झाली. जुनी क्रँक मागा. ती 'भंगारात गेली' म्हणाले तर जुने बेअरिंग मागा. ते सहसा कोपऱ्यातल्या डब्यात पडलेले असतात, त्यांना कोणी हात लावत नाही. अर्धगोल पत्री चकती असते, तळहाताएवढी. पाठ अंगठ्यानं पुसा. तिथं बारीक अक्षरात साइज ठोकलेली असते: एसटीडी, ०.२५, ०.५० अशी. एसटीडी असेल तर तुमची क्रँक एकदाही घासलेली नव्हती. मग आतली बाजू बघा. राखाडी थर एकसारखा असेल तर बेअरिंगनं साधं काम केलंय. तांब्याचा लाल रंग वर आला असेल तर झीज पुढं गेली आहे. चकती निळी-काळी पडलेली, कडेला चिरडलेली असेल तर बेअरिंग फिरलंय आणि क्रँक खरंच गेली असणार.

मी फोरमन असताना एका गावातले म्हातारे काका असेच आले होते. अंगात बंडी, हातात काठी, इंजिनातलं काही कळत नाही म्हणून आधीच कबुली दिलेली. बिलात नवीन क्रँक होती. त्यांनी डब्यातून चकती उचलली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि मालकापुढं धरून एवढंच विचारलं, "ह्यावर काय लिवलंय, मला वाचता येत नाही, जरा वाचून दाखवा." एसटीडी होतं, आतला थरही शाबूत होता. मालकानं मिठाची गुळणी धरली. क्रँकचे पैसे बिलातून कमी झाले. गावातल्याच एका लेथवाल्यानं त्यांना ही युक्ती शिकवून पाठवलं होतं, हे मला पुढं वर्षभरानं कळलं.

तुम्हीही लेथवाल्याला बरोबर न्या. जुनी क्रँक मिळाली तर तो मायक्रोमीटर लावून पाच मिनिटांत सांगेल. प्रत्येक जर्नल आडवी आणि उभी अशी दोनदा मोजायची. दोन मापांतला फरक म्हणजे तिचं अंडाकृतीपण. वर्कशॉपनं क्रँक बदलण्याआधी हीच मापं जॉबकार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, लिहायला हवी होती. लिहिली असतील तर वादच मिटला. नसतील तर ३१,००० कशाच्या आधारावर, हे त्यांनी सांगायचं.

डिझेल पंपाचं सोपं आहे. शोरूम तो स्वतः खोलत नाही, बाहेर पंप लॅबला पाठवते. लॅब पंप टेस्ट बेंचवर चढवते आणि कुठल्या फेऱ्यांना किती डिझेल पडतं त्याचा कागद देते. तो कागद आणि लॅबचं बिल मागा. शोरूमनं वर स्वतःचा नफा लावला असेल तर त्यात गुन्हा नाही, ने-आण आणि जबाबदारी त्यांची असते. पण लॅबचं बिल ८,००० चं आणि तुमच्याकडून १४,५०० घेतले असतील तर बोलायला जागा आहे.

क्लचला तुम्ही हो म्हणालात, म्हणून पैसे द्यायचेच. तरी एक गोष्ट बघा. फुल इंजिनसाठी ट्रॅक्टर मधून फोडावाच लागतो, इंजिन एकीकडं आणि गिअरबॉक्स एकीकडं. तेव्हा क्लच आपोआप समोर येतो. म्हणजे ट्रॅक्टर फोडायची मजुरी इंजिनकामातच आली. क्लचपुढं पुन्हा पूर्ण लेबर लावलं असेल तर तुम्ही एकाच कामाचे दोनदा पैसे देताय. ही चूक बऱ्याचदा मुद्दाम केलेली नसते, कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक कामाचा ठरलेला दर आपोआप चढतो. पण दाखवून दिल्याशिवाय कोणी काढतही नाही.

टॅक्सचंही तपासा. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आणि ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबवरचा १८ वरून ५. सुट्या भागांतही क्लच असेंब्ली, गिअरबॉक्स, रेडिएटर, हायड्रॉलिक पंप हे ट्रॅक्टरचे भाग ५ टक्क्यांत आले. सगळेच भाग आले नाहीत, आणि मजुरीवर १८ टक्केच आहे. तेव्हा क्लचपुढं १८ दिसलं तर विचारा. दुसरं, कंपनीच्या डब्यावर छापलेल्या एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. काउंटरवर एमआरपी लिहून त्यावर पुन्हा जीएसटी लावलेली बिलं मी ढीगभर पाहिलीत. रिकामे डबे मागून घ्या, एकेक ओळ टिकमार्क करत जा. अर्धा तास लागतो.

आता मूळ प्रश्न: ट्रॅक्टर अडवून ठेवता येतो का?

या दुरुस्तीच्या पैशांसाठी येतो. भारतीय करार कायदा १८७२, कलम १७०: तुम्ही सोपवलेल्या वस्तूवर ज्यानं कष्ट आणि कौशल्य वापरून काम केलं, त्याला त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेण्याचा हक्क आहे. हक्क योग्य मोबदल्यापुरता आहे, तोंडाला येईल त्या आकड्यासाठी नाही. पण आकडा योग्य की अयोग्य हे ठरेपर्यंत ट्रॅक्टर त्यांच्या शेडमध्ये आणि तुमचा ऊस फडात, ही खरी अडचण आहे.

जुन्या अकरा हजारांसाठी मात्र हा हक्क पुरत नाही. मागच्या सगळ्या थकबाकीसाठी वस्तू अडवण्याचा हक्क कलम १७१ मध्ये बँका, बंदरावरचे धक्केवाले, वकील अशा ठरावीक मंडळींनाच आहे. बाकीच्यांना तो हवा असेल तर तसा स्पष्ट करार लागतो. म्हणून जॉबकार्डाची मागची बाजू वाचा. बारीक अक्षरात 'सर्व जुनी येणी चुकती केल्याशिवाय वाहन सोडले जाणार नाही' असं छापलेलं असेल आणि खाली तुमची सही असेल तर त्यांची बाजू बळकट होते. नसेल तर शांतपणे सांगा की उधारी मान्य आहे, पण तिची पावती वेगळी आणि तारीख वेगळी. आणि दादा, ते अकरा हजार खरोखर देणं असेल तर देऊन टाका. वर्षभर थकवलेली उधारी हा डीलरच्या हातातला सगळ्यात मोठा दगड असतो.

काही जण सल्ला देतील की दुसरी किल्ली आहे ना, रविवारी जाऊन ट्रॅक्टर काढून आणा, आपलाच तर आहे. अजिबात करू नका. चोरीच्या कलमाखाली कायद्यानं नेमका हाच दाखला दिलाय, फक्त ट्रॅक्टरऐवजी घड्याळाचा: दुरुस्तीचे पैसे देणं बाकी असताना दुकानदारानं कायदेशीर ठेवून घेतलेलं स्वतःचंच घड्याळ त्याचं तारण बुडवायला उचलून नेलं, तर ती चोरी. जुन्या दंड संहितेत होता, नव्या भारतीय न्याय संहितेतही आहे. तसंच, चेक देऊन ट्रॅक्टर बाहेर काढायचा आणि मग बँकेला पेमेंट थांबवायला सांगायचं, ही हुशारीही चेक न वटल्याच्या, म्हणजे कलम १३८ च्या, खटल्यात नेऊन बसवते. आणि सही केलेला कोरा चेक तारण म्हणून कुणाकडं ठेवू नका, कितीही ओळखीचा असो.

मग वाट कुठली? आधी ६२,५०० ची तयारी दाखवून उरलेल्या ४५,५०० चे पुरावे लेखी मागा. व्हॉट्सअॅप चालेल, ईमेल उत्तम. त्याच ईमेलची प्रत कंपनीच्या ग्राहक सेवेला पाठवा. जॉबकार्ड नंबर, चेसिस नंबर, अंदाजाचा आणि बिलाचा फोटो जोडा. डीलर पोलिसांना घाबरत नाही, पुढाऱ्याच्या फोनला तर अजिबात नाही, त्याच्याकडं त्याहून मोठ्या पुढाऱ्याचा नंबर असतो. पण कंपनीचा एरिया सर्व्हिसवाला येऊन जॉबकार्ड उघडून बसला की सगळं शोरूम सरळ होतं. त्या मंडळींसमोर घाम पुसत मीही उभा राहिलोय.

चार-पाच दिवसांत उत्तर आलं नाही आणि कारखान्याची तारीख गाठायचीच असेल, तर अडला हरी म्हणून पूर्ण १,०८,००० भरावे लागतील. भरा, पण हरकत नोंदवून. पैसे भरण्याआधी मेसेज करा: 'क्रँक व डिझेल पंपाची रक्कम मला मान्य नाही, ट्रॅक्टर सोडवून घेण्यासाठी हरकत राखून भरत आहे.' गेटपासवर किंवा पावतीच्या त्यांच्या प्रतीवर सही करतानाही तेच लिहा. 'काम समाधानकारक, कोणतीही तक्रार नाही' असं छापलेलं असेल तर ती ओळ खोडून मग सही. पैसे बँकेतून किंवा यूपीआयनं द्या. रोख दिले आणि पावती 'उद्या देतो' झाली की उद्या कधी उगवत नाही. आणि जीएसटी नको, साधं बिल करू, तेवढे पैसे वाचतील, या गोडीला बळी पडू नका. पक्कं बिल नसेल तर सामानाची वॉरंटी नाही आणि पुढं कुठं दादही नाही.

हरकत नोंदवून भरलेले पैसे परत मागायला जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची, पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी नाही, वकील लावायची सक्ती नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, बरीच प्रकरणं तिथंच मिटतात. डीलरचा वकील म्हणेल की ट्रॅक्टर ऊस वाहतुकीला लावता, म्हणजे धंदा, म्हणजे तुम्ही ग्राहक नाही. स्वतः राबून पोट भरण्यासाठी वापर असेल तर कायदा त्याला ग्राहकच मानतो. चार-पाच ट्रॅक्टर आणि पगारी ड्रायव्हर असलेल्यांचं मात्र तिथं अवघड होतं.

पैशांची सोय कुठून, हेही तुम्ही विचारलंय. किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा काढताना पीककर्जाच्या रकमेवर २० टक्के शेतीच्या अवजारांच्या आणि मालमत्तेच्या देखभाल-दुरुस्तीसाठी धरायची तरतूद आहे. बँकेत जाऊन तुमच्या मर्यादेत ती धरली आहे का बघा. बऱ्याच शेतकऱ्यांना हे माहीतच नसतं आणि ते शोरूमच्या ओळखीच्या फायनान्सवाल्याकडं दोन रुपये शेकड्यानं उचलतात. आधी हे बघा.

आता थोडं कबुलीजबाबासारखं. अंदाज ९२ चा आणि बिल दीडच्या वर, हे होतं कसं? निम्मं कारण खरं आहे: बंद इंजिनाच्या आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही. उरलेलं निम्मं मी स्वतः केलंय. आमचे मालक म्हणायचे, "अंदाज कमीच लिही. एकदा खोलला की जातोय कुठं?" शेजारच्या गॅरेजवाल्यापेक्षा पाच हजार कमी सांगितल्याशिवाय गिऱ्हाईक ट्रॅक्टर लावत नाही, हेही तितकंच खरं. फोरमन कमी लिहितो, शेतकरी कमीवर खूश होतो, आणि तीन आठवड्यांनी दोघं एकमेकांना चोर म्हणतात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की भांडायचं ते इंजिन उघडं असताना. तेव्हा लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी, टेबलावर असतो, क्रँक हातात असते, सगळं मोजता येतं, आणि नाही पटलं तर खोलायची मजुरी देऊन दुसरीकडं नेता येतं. इंजिन बंद होऊन रंग मारला की पुरावाही गेला आणि तुमचा जोरही. पुढच्या वेळी ट्रॅक्टर लावताना पहिल्या दिवशी फक्त खोलण्याची मजुरी ठरवा. खोलल्यावर स्वतः जा, मापं लिहून घ्या, दुसरा अंदाज लेखी घ्या आणि त्यावर एक ओळ टाका: 'यापेक्षा जास्त खर्च लेखी होकाराशिवाय करू नये.' अॅडव्हान्स द्यायला हरकत नाही, डीलरलाही सामान मागवताना पैसे मोजावे लागतात. पण तो या दुसऱ्या अंदाजावर द्या आणि सामानाच्या किमतीपुरता द्या. उरलेली रक्कम ट्रॅक्टर चालवून बघितल्यावर. आमच्याकडचे एक गिऱ्हाईक डबा घेऊन दोन दिवस वर्कशॉपला बसून राहायचे आणि निघालेला प्रत्येक जुना भाग युरियाच्या रिकाम्या पोत्यात भरायचे. आम्हाला वैताग यायचा. पण त्यांच्या बिलात कधी एक बोल्ट जास्त लागला नाही.

तुमचा ट्रॅक्टर ताब्यात घेताना गडबड करू नका. थंड इंजिनावर स्वतः सेल मारा. अर्धा तास चालू ठेवा, गरम झाल्यावर मंद फेऱ्यांना ऑइल प्रेशरचा काटा कुठं राहतो ते बघा. ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या, नळीपुढं हात धरा. हलकी फुंकर चालेल, भकाभका धूर नको. खाली पुठ्ठा टाका आणि दहा मिनिटांनी थेंब मोजा. मीटरच्या तासांचा फोटो काढा. ट्रॅक्टर मधून फोडलेला होता, तेव्हा क्लच आणि सगळे गिअर ट्रॉली जोडून बघा, रिकाम्या अंगणात नाही. डीलरनं ट्रॉली नाही म्हटलं तर आपली घेऊन जा.

आणि एक विनंती, कारण तुमची घाई मला दिसतेय. नवीन रिंग-लायनर एकमेकांवर बसायला वेळ लागतो. पहिल्याच दिवशी दोन ट्रॉल्या भरून चढ चढवलात तर इंजिन पुन्हा ऑइल खाईल, आणि तेव्हा डीलर 'ओव्हरलोड केला' म्हणून हात झटकेल. खरं तर त्याचं बरोबरच असेल. पहिले पन्नास तास हलकं काम द्या, एकच ट्रॉली, तीही पूर्ण न भरता. पन्नास तासांनी ऑइल आणि फिल्टर बदला, त्याच वर्कशॉपला, आणि त्याचंही बिल घ्या. मुकादमाला आजच फोन करून सांगा की पहिला आठवडा खेपा कमी होतील.